श्वास आपला, सूचना दुसऱ्याची

श्वासाइतकी खासगी गोष्ट दुसरी नसेल. शेजारी बसलेल्या माणसाला माझे खांदे हलताना दिसतात, फार तर श्वासाचा आवाज ऐकू येतो. पण हवा नाकपुडीच्या नेमक्या कोणत्या कडेला लागली, आत येताना ती किती गार होती, बाहेर जाताना वरच्या ओठाला तिचा स्पर्श झाला की नाही, हे माझ्याखेरीज कोणालाही कळण्याचा मार्ग नाही. असे असूनही आनापानसती, म्हणजे येत्या-जात्या श्वासाचे भान राखण्याची बौद्ध साधना, आपल्यापैकी बहुतेक जण शिकतात ती एका खोलीत, इतर माणसांच्या रांगेत बसून, डोळे मिटून आणि कोणा तिसऱ्याच व्यक्तीच्या आवाजामागोमाग. जे सांगणाऱ्याला दिसतच नाही त्याबद्दल तो सांगतो आणि आपण ते ऐकतो. अशा एका सामूहिक बैठकीला मी बरीच वर्षे नियमाने जात आले आहे, आणि या व्यवस्थेतली विसंगती मला अजूनही पुरती पचलेली नाही.

मुरलेले साधक अनेकदा अशा बैठकींकडे थोड्या वरच्या नजरेने पाहतात. मार्गदर्शकाच्या आवाजावर बसणे म्हणजे नवशिक्यांचे काम, खरे ध्यान एकट्याने आणि शांततेत, असा त्यांचा सूर असतो. या मताला आधार नाही असे नाही, परंतु ज्या सुत्तावर, म्हणजे बुद्धांच्या उपदेशावर, ही सारी साधना उभी आहे त्याची सुरुवातच समूहाने होते, हे त्यात निसटते. मज्झिमनिकाय या पाली सुत्तसंग्रहातल्या ११८ व्या सुत्तात, आनापानसती सुत्तात, प्रसंग श्रावस्तीच्या पूर्वारामातला आहे. वर्षावास संपत आलेला आहे, विशाखेने बांधवलेल्या प्रासादात मोठा भिक्खुसंघ जमलेला आहे आणि सारिपुत्त, मोग्गल्लान, महाकस्सप, अनुरुद्ध, आनंद असे थोर भिक्खू नव्यांना शिकवीत आहेत. कोणी दहा जणांना शिकवतो, कोणी वीस, कोणी तीस, कोणी चाळीस. संघाची प्रगती पाहून समाधान पावलेले बुद्ध आणखी एक महिना तिथेच राहण्याचे जाहीर करतात, ती वार्ता ऐकून दूरदूरचे भिक्खू येऊन मिळतात आणि पावसाळ्याच्या चौथ्या महिन्याच्या पौर्णिमेच्या रात्री, भरल्या संघासमोर, श्वासाच्या सोळा पायऱ्या सांगितल्या जातात.

मात्र त्या पायऱ्यांची पहिली ओळ अरण्यात, झाडाच्या मुळाशी किंवा रिकाम्या घरात जाऊन बसलेल्या एकट्या भिक्खूची आहे. म्हणजे उपदेश सर्वांनी मिळून ऐकायचा आणि बसायचे एकेकट्याने, असा तो क्रम आहे. आजच्या मार्गदर्शित बैठकीने ऐकणे आणि बसणे या दोन्ही गोष्टी एकाच तासात आणून ठेवल्या आहेत. या बदलाचा मोठा भाग विसाव्या शतकातल्या ब्रह्मदेशात घडला. लेडी सयाडो या भिक्खूंनी संघापुरती राहिलेली साधना गृहस्थांपर्यंत नेली; त्याच परंपरेतले सयाजी ऊ बा खिन हे तर सरकारी महालेखापाल होते आणि नोकरी सांभाळून ध्यान शिकवीत; त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका १९६९ साली भारतात आले आणि दहा दिवसांच्या शिबिरांची पद्धत जगभर पसरली. त्या शिबिरांत पहिले साडेतीन दिवस केवळ आनापान असते आणि सूचना ध्वनिमुद्रित आवाजातून येतात. उपजीविका, घर, मुलेबाळे यांतून वेळ काढून येणाऱ्या माणसांना अरण्य किंवा रिकामे घर कुठून मिळणार? त्यांना खोली, वेळ आणि कोणीतरी वेळोवेळी जागे करणारा आवाज, एवढेच मिळू शकते.

तर प्रश्न त्या आवाजाचा आहे. सुत्तातल्या पहिल्या दोन पायऱ्यांमध्ये काहीही करायचे नसते. श्वास दीर्घ असेल तर तो दीर्घ आहे हे जाणायचे, आखूड असेल तर आखूड आहे हे जाणायचे. दीर्घ करायचा नाही, आखूड करायचा नाही. सराव किंवा शिक्षण म्हणता येईल असे काही तिसऱ्या पायरीपासून सुरू होते. आता एखादा मार्गदर्शक मंद, गोड स्वरात म्हणतो, ‘श्वास आत घ्या... आणि हळूच सोडा.’ ऐकायला हे किती सुखाचे वाटते! पण त्याच क्षणी पहिल्या दोन पायऱ्या मोडलेल्या असतात. सांगणाऱ्याने स्वतःच्या श्वासाची लांबी खोलीतल्या सगळ्यांवर बसवलेली असते. ज्याचा श्वास अजून अर्ध्यावर होता त्याला तो घाईने संपवावा लागतो, ज्याचा कधीच संपला होता तो छातीत हवा कोंडून पुढच्या शब्दाची वाट पाहतो. प्रौढ माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. म्हणजे शेजारी शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाचा श्वास दुसऱ्याच्या दीडपटीहूनही लांब असू शकतो. एका सूचनेत हे दोघे मावणे शक्य नाही.

यात शरीराचाही एक पेच आहे. हृदयाचा ठोका आपण ठरवून टाकत नाही आणि हात उचलणे आपल्या इच्छेवाचून होत नाही, पण श्वास या दोन्ही बाजूंना आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतले केंद्र तो झोपेतही चालवीत असते, आणि आपण मनात आणले की लगाम लगेच आपल्या हाती येतो. म्हणूनच श्वासाकडे नुसते पाहायला गेलेला माणूस पाहता पाहता तो घेऊ लागतो. मला हे सर्वांत स्पष्ट दिसते ते उच्छ्वासाच्या शेवटी. हवा बाहेर जाऊन संपते आणि पुढचा श्वास सुरू होण्याआधी एक लहानशी मोकळी जागा राहते. पोट सैल पडलेले असते, नाकपुडीत काहीच लागत नसते. त्या जागेत मन फार अस्वस्थ होते. पुढचा श्वास येईल यावर त्याचा विश्वास नसतो, म्हणून ते जरा आधीच ओढून घेते, आणि ओढून घेतलेला श्वास लगेच ओळखू येतो: तो घशात किंचित खरखरतो, छातीच्या वरच्या भागात जातो, खांदे उचलतो. आपणहून आलेला श्वास मात्र खालून, पोटाकडून सुरू होतो आणि त्याची सुरुवात नेमकी कुठे झाली ते सांगता येत नाही. हा फरक मला कोणत्याही व्याख्यानाने कळला नव्हता; तो कळला बैठकीतल्या एका साध्या सूचनेने, जी श्वास घ्यायला किंवा सोडायला सांगत नव्हती. सूचना एवढीच होती: ‘श्वास संपल्यावर काही करू नका. पुढचा येतोय का, ते बघा.’

आमच्या बैठकीच्या मार्गदर्शक, ज्यांना सगळे ताई म्हणतात, क्रियापदांच्या बाबतीत विलक्षण काटेकोर आहेत. त्या ‘घ्या’, ‘सोडा’, ‘खोल’, ‘सावकाश’ हे शब्द वापरत नाहीत. ‘आता श्वास आत येत असेल किंवा बाहेर जात असेल, जे असेल ते माहीत असू द्या’, अशी त्यांची सूचना असते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही भाषा कोरडी वाटते. पण या वाक्यात प्रत्येकाचा श्वास मावतो, कारण त्यात कोणाच्याच श्वासाची लांबी गृहीत धरलेली नसते. पार्श्वसंगीत, समुद्राच्या लाटा, अंगावरून वाहणारा सोनेरी प्रकाश असल्या गोष्टी त्या घडू देत नाहीत, आणि माझेही मत तेच आहे. चित्रे डोळ्यांसमोर आणायला सांगितले की बसलेला माणूस चित्रे पाहू लागतो आणि श्वास मागे राहतो. मनाला विसावा मिळतो हे खरे, पण तो विसावा आनापानाचा नसतो.

एका बैठकीनंतर निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी विचारले, ‘ताई, तुम्ही बोलत असता तोवर श्वास सापडतो. तुम्ही थांबलात की हरवतो. मी काय करू?’ ताईंनी उलट विचारले, ‘हरवला हे तुम्हाला कधी कळतं?’ ते म्हणाले, ‘तुम्ही पुन्हा बोललात की.’ ताई म्हणाल्या, ‘मग पुढच्या वेळी माझ्या आधी कळतंय का, तेवढंच बघा.’ मार्गदर्शित ध्यानाचे सारे काम या उत्तरात आले असे मला वाटते. मन भरकटणार हे ठरलेलेच आहे; भरकटल्याचे भान येणे ही खरी घटना आहे, आणि ते भान सुरुवातीला बाहेरून आणून द्यावे लागते. आवाज येतो, माणूस दचकून जागा होतो, आपण मघापासून एका जुन्या भांडणाला उत्तरे देत होतो हे त्याच्या लक्षात येते. असे पुष्कळदा झाले की जागे होण्याची ही क्रिया ओळखीची होते आणि कधीतरी आवाज येण्याआधीच घडते. ते घडते तेव्हा त्यात विशेष असे काही वाटत नाही, म्हणून बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही. मन पूर्ण अर्धा तास एकाग्र राहिले का, याच हिशेबात ते गुंतलेले असतात.

म्हणून चांगल्या मार्गदर्शकाची पारख त्याच्या बोलण्यापेक्षा थांबण्यावरून करावी. सूचनांमधले अंतर फार कमी असेल तर भान स्वतःहून परतायला अवकाशच मिळत नाही; आवाज प्रत्येक वेळी आधी पोहोचतो आणि माणूस कायमचा त्याच्यावर विसंबून राहतो. अंतर फार जास्त असेल तर नवा साधक सबंध वेळ विचारांत घालवतो, आणि विचारांत घालवलेला वेळ शांततेत गेला असे समजून घरी जातो. समोर माणसे बसलेली असतील तर मार्गदर्शक त्यांच्याकडे पाहून हे अंतर बदलू शकतो. माना पुढे झुकू लागल्या, पाय बदलण्याची चुळबुळ वाढली, की आवाज जरा लवकर येतो. ध्वनिमुद्रित सूचनांना हे शक्य नसते. त्यांच्या जमेची बाजू निराळी आहे: त्या कोणाच्या मर्जीवर बदलत नाहीत, दमत नाहीत आणि कोणाला खूश करायला पाहत नाहीत.

श्वास मोजण्याची जोड देणारेही पुष्कळ आहेत. पाचव्या शतकात श्रीलंकेतल्या अनुराधपुरात बुद्धघोषांनी लिहिलेल्या विसुद्धिमग्गात त्याचा नियम सापडतो: पाचाच्या आत थांबू नये, दहाच्या पुढे जाऊ नये. पाचाच्या आत आकडे इतके लवकर फिरतात की मन त्या अडचणीच्या जागेत बेचैन होते, आणि दहाच्या पुढे गेले की ते श्वासाऐवजी आकड्याच्याच आधाराने चालू लागते. इतके बारीक निरीक्षण करणाऱ्याने पुष्कळ मोजले असले पाहिजे. त्याच ग्रंथात वेशीवरच्या द्वारपालाचा दृष्टांत आहे. गावात आत गेलेल्या किंवा बाहेर दूर पोहोचलेल्या माणसांची चौकशी तो करीत बसत नाही; दाराशी जो येईल तेवढ्याकडे पाहतो. श्वासाचा माग फुप्फुसापर्यंत किंवा बाहेरच्या हवेपर्यंत काढायचा नाही, त्याचा स्पर्श जिथे होतो तिथे थांबायचे. ती जागा कोणती, यावर मात्र परंपरांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना आहेत. गोयंका गुरुजींच्या पद्धतीत नाकपुड्यांखाली वरच्या ओठावरचा लहानसा भाग. थायलंडच्या अरण्यपरंपरेतले आजान ली सर्व शरीरभर श्वास जाणवून घ्यायला सांगत. महासी सयाडो पोटाचे वर-खाली होणे पाहायला सांगत, आणि त्याला ते काटेकोर अर्थाने आनापान म्हणत नसत. मी यातल्या वादात पडत नाही. एक जागा निवडून महिनोन्‌महिने तिथेच राहावे, एवढेच मला कळते.

आता सोबत बसलेल्या माणसांविषयी. एकटी बसले असता मांडीला मुंग्या आल्या की मी पाय बदलते, काहीतरी आठवले की उठतेसुद्धा. समूहात उठता येत नाही. ही लाज उदात्त नव्हे, पण ती उपयोगी पडते. त्या लाजेपायी बसून राहिल्यामुळेच मुंग्या येतात, वाढतात, एका टप्प्यावर दुखणे होतात आणि मग उतरतात, हा सगळा प्रवास पाहायला मिळतो. दुसऱ्या बाजूने, समूहात माणूस ध्यानातही मिरवतो. आपली पाठ शेजाऱ्यापेक्षा ताठ आहे ना, आपला आवंढा फार मोठ्याने गिळला गेला नाही ना, हे विचार श्वासाहून जास्त जागा व्यापतात. शेजारच्याचा श्वास शिटी वाजवीत असेल तर माझा श्वास नकळत त्याच्या तालावर पडतो. तो लक्षात येईतो मी त्याचाच श्वास पाहत असते.

बैठक संपल्यावर अनुभव सांगण्याची प्रथा मला फारशी रुचत नाही. ‘आज फार छान लागले’ हे वाक्य ऐकले की ज्यांचे छान लागले नाही ते मनातल्या मनात खचतात आणि पुढच्या वेळी छान लागावे म्हणून बसतात. संयुक्तनिकाय या दुसऱ्या सुत्तसंग्रहात अरिट्ठ नावाच्या भिक्खूचा प्रसंग आहे. कोण आनापानसतीचा सराव करतो, असे बुद्धांनी विचारल्यावर तो म्हणतो, मी करतो; गेल्या सुखांची ओढ सोडली आहे, येणाऱ्यांची ओढ गेली आहे, आत-बाहेरच्या गोष्टींविषयीची चीड दूर केली आहे, आणि असा मी भान ठेवून श्वास घेतो, सोडतो. बुद्ध त्याला खोडून काढत नाहीत. हीही आनापानसतीच आहे, ती नाही असे मी म्हणत नाही, असे सांगून ती विस्ताराने कशी पूर्ण होते हे ते त्याला ऐकवतात. अनुभव ऐकणाऱ्याने इतपतच बोलावे. त्या अनुभवाला शाबासकी दिली की तो चिकटतो, नाकारला की लपतो.

आणखी एक गोष्ट बैठकींमध्ये फार कमी वेळा सांगितली जाते: श्वास प्रत्येकासाठी सुखाची जागा नसतो. ज्याला दम्याचा त्रास आहे, भीतीचे झटके येतात, किंवा ज्याच्या अंगावर काही भयंकर गुदरले आहे, अशा माणसाला श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितले की कधी कधी छाती आवळते आणि घाबरेपण वाढते. अशा वेळी ‘टिकून राहा, निघून जाईल’ हा सल्ला क्रूर ठरू शकतो. डोळे उघडायला, तळपायांना लागणाऱ्या जमिनीकडे लक्ष न्यायला, गरज पडल्यास उठून जायला आधीच मोकळीक दिलेली असावी. त्रास टिकून राहिला तर वैद्यकीय मदत घ्यावी, हेही स्पष्ट सांगावे. साधनेतून अपाय होऊ शकतो, हे बौद्ध परंपरेने लपवलेले नाही. संयुक्तनिकायातच वैशालीची हकिकत आहे. शरीराच्या अशुभतेचे चिंतन करणाऱ्या भिक्खूंना स्वतःच्या देहाची इतकी किळस आली की त्यांतल्या अनेकांनी जीव दिला. पंधरा दिवसांच्या एकांतातून परतलेल्या बुद्धांनी संघ असा विरळ का दिसतो, असे विचारले तेव्हा आनंदांनी सारे सांगितले आणि दुसरा मार्ग देण्याची विनंती केली. वैशालीच्या परिसरातल्या सर्व भिक्खूंना सभागृहात एकत्र बोलावून त्या वेळी जो मार्ग दिला गेला, तो आनापानसतीचा. हादरलेल्या माणसांना एकत्र बसवून दिलेली ही साधना आहे, आणि तिच्या मागे दुसऱ्या एका साधनेने केलेली हानी उभी आहे, हे समूहाला ध्यान शिकवणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवायला हवे.

मार्गदर्शित बैठका बहुधा चौथ्या पायरीवर, शरीर निवण्यापाशी, संपतात. पुढच्या बारा पायऱ्यांत प्रीती (पालीतली ‘पीती’, म्हणजे आनंदाची उसळी) आणि सुख आहे, चित्ताला ओळखणे, प्रसन्न करणे, स्थिर करणे आणि मोकळे करणे आहे, आणि अखेरच्या चारांत अनित्यता, विराग, निरोध आणि त्याग यांचे दर्शन आहे. तिथे आवाज कुठवर सोबत करू शकतो? ‘आता प्रीती अनुभवा’ अशी आज्ञा देऊन काही होत नाही. होते ते एवढेच की माणूस प्रीतीचा अभिनय करू लागतो. अनित्यतेचे मात्र तसे नाही. श्वास संपतो हे दाखवायला कोणाच्या पांडित्याची गरज नाही, आणि प्रत्येक श्वास संपताना ‘हा संपला’ एवढे स्मरण देणारा आवाज तिथेही कामी येतो, असा माझा अनुभव आहे.

एकट्याने बसू लागल्यावर आणखी एक गंमत होते. ताई समोर नसतात, पण त्यांच्या सूचना मनात चालूच राहतात, त्याच स्वरात, त्याच अंतराने. मी त्यांना हाकलायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांच्या जागी माझे स्वतःचे समालोचन आले, आणि ते कितीतरी जास्त बडबडे होते. त्यापेक्षा ती उसनी सूचनाच बरी. ती आपोआप विरळ होत जाते. घाई केली तर मात्र जात नाही. आणि घाई करायची तरी कशासाठी? इच्छानंगलच्या वनात बुद्ध स्वतः तीन महिने एकांतात राहिले, अन्न आणून देणाऱ्या एकाखेरीज कोणालाही जवळ येऊ दिले नाही, आणि बाहेर आल्यावर म्हणाले, वर्षावासात तथागत बहुतेक काळ काय करीत होते असे कोणी विचारले तर सांगा, आनापानसतीची समाधी. ज्यांना आणखी काही मिळवायचे उरले नव्हते ते श्वासाशीच थांबले होते; म्हणजे हा पहिलीचा धडा मानून पुढे पळण्याचा विषय नव्हे.

पुढच्या महिन्यापासून बैठकीतल्या सूचना निम्म्यावर आणण्याचा ताईंचा विचार आहे. जुन्या मंडळींना तो पसंत आहे. नव्याने आलेल्यांपैकी दोघांनी मात्र तोंडावर सांगितले की इतकी शांतता आम्हाला झेपणार नाही, आणि त्यांचे म्हणणे मला रास्त वाटते. त्यांच्यासाठी अर्धा तास आधी, भरपूर बोलून घेतलेली वेगळी बैठक ठेवावी, असे मी सुचवले आहे. ती कोणी घ्यायची, हे अजून ठरायचे आहे.